सतरावा आठवडा, ऑफिसची पँट आणि तुटलेलं रबर: काय घालू?

अर्धी_इस्त्री · रविवार, रात्री १०:५२

आधी झालेली फजिती सांगते, मग प्रश्न.

परवा क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं. मला सतरावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. ऑफिसात फक्त आमच्या मॅनेजरना माहीत आहे. काळी फॉर्मल पँट पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत श्वास रोखून का होईना लागत होती, त्या दिवशी बटण काजापर्यंत पोचेचना. मग केसांचं रबर काजातून ओवून बटणाला अडकवलं, वरून लांब शर्ट सोडला आणि गेले. सगळं छान चाललं होतं. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा लिहायला हात उंचावला आणि 'टक्'. रबर गेलं.

पुढची वीस मिनिटं डावं कोपर कमरेशी घट्ट दाबून बोलत होते. संपल्यावर त्यांच्यातल्या एकाने काळजीने विचारलं, "हाताला लागलंय का?"

तर प्रश्न असा की आता नेमकं काय घ्यायचं? एक माप मोठी पँट घेऊन भागेल का? अजून साडेचार महिने तरी कामावर जायचं आहे, आणि दोन महिन्यांनी याच लोकांसमोर मोठं प्रेझेंटेशन आहे. तेव्हा सव्विसावा आठवडा असेल. तंबू घालून जायचं नाहीये. अनुभवी मंडळींनी सांगा.

पुन्हा_एकदा · रविवार, रात्री ११:२०

हसू आवरत नाहीये, माफ कर. माझं दुसऱ्यांदा चालू आहे, त्यामुळे हक्काने हसतेय.

रबराचा उपाय चांगला आहे, पण चौथ्या महिन्यापुरताच. जाड रबर घ्यायचं, चेन खाली सरकू नये म्हणून चेनच्या कडीतूनही एक ओवायचं आणि वर पोटपट्टा चढवायचा. ताणणाऱ्या कापडाची नळी असते नुसती, उघडं बटण झाकते आणि पँट धरून ठेवते. शर्टाखालून तिची कड दिसली तर आतल्या बनियनसारखी वाटते, कुणी बघत नाही.

मोठ्या मापाची पँट मात्र घेऊ नकोस. मी पहिल्या वेळी दोन घेतल्या. मांड्यांवर पिशवी झाली, पाय जमिनीवर लोळायला लागले आणि सहाव्या महिन्यात पोट त्यातही मावेना. गरोदरपणासाठी शिवलेली पँट आपल्या नेहमीच्याच मापाची घ्यायची असते, पोटाची जागा तिच्यात धरलेली असते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तू पहिलटकरीण आहेस, तुला अजून थोडा वेळ आहे. दुसऱ्या वेळी पोटाचे स्नायू आधीच सैलावलेले असतात. मला तेराव्या आठवड्यातच शेजारच्या टेबलावरून "अभिनंदन" आलं.

उलटीशिलाई · सोमवार, सकाळी ७:०५

शिवणकाम हाच माझा धंदा आहे, बावीस वर्षं झाली. जरा लांब लिहिते.

बाई गरोदर राहिली की दुकानात जाऊन दोन मापं मोठं काहीतरी उचलते आणि मग आरशात बघून म्हणते, मी अजागळ दिसतेय. ती अजागळ दिसत नसते, तिचा खांदा उतरलेला असतो. नऊ महिन्यांत खांद्याचं माप बदलत नाही. छाती वाढते, बरगड्यांचा घेर थोडा वाढतो, पोट तर वाढतंच, पण खांदा तोच आणि मनगटही बरंच तेच. मोठ्या मापाचा शर्ट घातला की बाहीची शिवण दंडावर घसरते, मुंढा (बाही जोडतात तो गोल) खाली लोंबतो, कॉलर मानेपासून सुटते. समोरच्याला 'ढिसाळ' वाटतं ते या तीन ठिकाणांमुळे. पोटाचा त्यात काही दोष नाही. उलट खांदा नेमका बसला असेल तर खाली केवढंही पोट असो, माणूस नीटनेटकाच दिसतो.

म्हणून माप खांद्याला घ्यायचं आणि घेर खाली सोडायचा. छातीखाली जोड असलेला टॉप किंवा कुर्ता, बाजूच्या शिवणीत चुण्या घातलेला टॉप, पुढून एकावर एक येऊन बाजूला बांधायचा ड्रेस, हे सगळे याच तत्त्वावर शिवलेले असतात.

दुसरी गोष्ट लांबीची. पोट फक्त रुंदी खात नाही, लांबीही खातं. सहाव्या महिन्यात कुर्ता पुढून वर चढतो आणि मागून लोंबतो, बघितलंय ना? तो आखडलेला नसतो, पोटावरून फिरून यायला त्याला जास्त वाट चालावी लागते. मी पुढचा भाग मागच्यापेक्षा आठ ते दहा सेंटिमीटर लांब बेतते आणि ती जास्तीची लांबी छातीखालपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणीत बारीक चुण्यांनी जिरवते. सुरुवातीला चुण्या दाट दिसतात. पोट वाढेल तशा त्या आपोआप उघडत जातात आणि खालची कड जमिनीला समांतर राहते. कड आखताना रोजचे बूट पायात असू द्या, आणि माप जमिनीपासून वर घ्या. वरून खाली घ्याल तर पोट फसवणार.

आहेत ते कपडे लगेच टाकू नका. बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलेली असेल तर उसवून दोन-तीन सेंटिमीटर सहज मिळतात. पँटचा कमरपट्टा पुढून काढून तिथे ताणणारं जाड कापड जोडता येतं, पण ते आवडत्या पँटला करू नका. नंतर पूर्ववत करणं जमतं, तरी पूर्वीसारखी सफाई येत नाही. शर्टाची बटणं छातीवर ताणली जाऊन मधे फट पडत असेल तर दोन बटणांच्या मधे आतून टिचबटण लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

ब्लेझर असेल तर तोच वापरा, बटणं न लावता. उघड्या ब्लेझरच्या दोन उभ्या कडा आणि ताठ खांदे अर्धं काम करून टाकतात.

अर्धी_इस्त्री · सोमवार, सकाळी ९:१५

उलटीशिलाई ताई, दंडवत! मी आत्ता आरशासमोर उभी राहून बघितलं. नवऱ्याचा शर्ट घातलेला आणि शिवण खरंच दंडावर. आणि मी इतके दिवस पोटाला बोल लावत होते.

स्पष्टवक्ता · सोमवार, सकाळी १०:४०

एक शंका. चार-पाच महिन्यांचा प्रश्न, त्यासाठी इतकी चर्चा? ऑफिसात काम करायला जातो ना आपण? स्वच्छ धुतलेलं काहीही घाला आणि जा. काही महिन्यांसाठी नवं कपाट भरायचं म्हणजे पैशांची नासाडी.

जुनी_पेटी · सोमवार, दुपारी १२:२५

स्पष्टवक्ता, तुमचं 'काहीही घाला' ऐकायला सोपं आहे. मी काउंटरवर बसायचे. सातव्या महिन्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही आता मागच्या खोलीत फायली बघा, समोर बरं दिसत नाही." कामात चूक नव्हती, कपडे स्वच्छ होते. फक्त मी गरोदर दिसत होते. दोन महिने मागच्या खोलीत काढले आणि त्या वर्षीच्या शेऱ्यात 'ग्राहकसंपर्क कमी' असं लिहून आलं. आता निवृत्त आहे, पण तो शेरा अजून पाठ आहे.

तेव्हा कपड्यांचा विचार बाई हौसेनेच करते असं समजू नका. तिच्याकडे लोक जरा जास्तच निरखून बघत असतात, हे तिला कळत असतं.

आता कामाचं. आम्ही साडीवाल्या. साडी वाढत्या पोटाला सोयीची, हे खरं, पण परकराची नाडी वैरीण. बारीक नाडी एकाच ठिकाणी रुतते, संध्याकाळी कमरेला लाल वळ. मी नाडी काढून तीन बोटं रुंद कापडी पट्टी ओवली आणि ती पोटाखाली बांधायला लागले. निऱ्या कमी घ्यायच्या आणि जमिनीपासून दोन बोटं वर ठेवायच्या, कारण पुढे पोट आल्यावर आपले पाय आपल्यालाच दिसत नाहीत. जिना उतरताना निऱ्यांत पाय अडकला की संपलं. शेवटच्या दोन महिन्यांत मी साडी सोडून सैल कुर्ते घालायला लागले, तेव्हा त्याचीही चर्चा झाली होती.

खडू_डस्टर · सोमवार, दुपारी ३:५०

शाळेत शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभी. माझा अनुभव कुणीच लिहिलेला नाही म्हणून लिहिते. आठव्या महिन्यात फळ्यावर लिहिताना अंतराचा अंदाज चुकतो. आपण पूर्वीच्याच अंतरावर उभ्या राहतो, पण पोट आधी पोचलेलं असतं. मी वळले की वर्गात खुसखुस. गडद निळ्या कुर्त्यावर पोटाच्या बरोबर मध्यावर पांढरी आडवी रेघ, आणि फळ्यावरची एक अख्खी ओळ पुसलेली. त्यानंतर शेवटपर्यंत फिकट आणि बारीक नक्षीचेच कुर्ते घातले.

बारीक नक्षीचा आणखी एक उपयोग. शेवटच्या महिन्यांत कधी कधी छातीतून थोडा चीक येतो. सगळ्यांना येतो असं नाही, आला तर तो नॉर्मल आहे. एकरंगी सुती कपड्यावर रुपयाएवढा डाग लांबून दिसतो, नक्षीवर नाही दिसत. आत कापडी पॅड ठेवायचे.

घाम! गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, चयापचयही वाढतं. बाकीचे गारठलेले असतात आणि आपण वारा घेत असतो. म्हणून एक जाड कपडा नको, दोन पातळ हवेत. वरचा काढला तरी आतला चारचौघांत चालेल असा. आतले कपडे सुती, कारण या दिवसांत पांढरं जाणं वाढतं आणि ओल धरून ठेवणाऱ्या कापडात बुरशीचा संसर्ग पटकन होतो. आणि कृपा करून जंपसूट घेऊ नका. तासाला एकदा बाथरूमला जायचं असताना मान ते घोटा एकसंध कपडा कुणाच्या डोक्यातून निघाला असेल देव जाणे.

पुन्हा_एकदा · सोमवार, संध्याकाळी ५:१०

जंपसूट +१०००. एकदा घातला होता. एकदाच.

मणका · सोमवार, रात्री ९:३०

फिजिओथेरपिस्ट आहे. कपड्यांपेक्षा पादत्राणांवर बोलेन, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारी तिथून सुरू होतात.

या काळात सांध्यांचे बंध सैलावतात. वजन आणि हे सैलावणं मिळून पायाची कमान थोडी बसते, पाऊल लांबट-रुंद होतं. काहींचं माप बाळंतपणानंतरही मागे येत नाही. वर संध्याकाळची सूज. म्हणून बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या. सकाळी मापात बसलेला बूट चार वाजता चावतो. उंच टाच नको, कारण शरीराचा तोल आधीच पुढे झुकलाय. पण अगदी सपाट, पातळ तळाची चप्पलही पोटऱ्या आणि टाचा दुखवते. दोन-तीन सेंटिमीटरची रुंद टाच, खाली पकड आणि मागून पाऊल धरून ठेवणारी रचना, एवढं बघा. नाड्यांचे बूट नकोत, शेवटी वाकून बांधणार कोण?

कमरेचं. घट्ट पट्टा जांघेच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या एका नसेवर दाब देतो. मग मांडीच्या बाहेरच्या भागात मुंग्या, जळजळ, बधिरपणा. बायका घाबरून येतात. कित्येकदा कमरेचे घट्ट कपडे सोडले की बरं वाटायला लागतं. घट्ट कमरेने छातीतली जळजळही वाढते, कारण जठराच्या तोंडाची झडप या दिवसांत सैल असते आणि त्यात आपण खालून दाबतो.

पोटावरून येणारा पट्टा की पोटाखालचा, हा वाद प्रत्येकीचा वेगळा. दुकानात उभ्या राहून ठरवू नका. ट्रायल रूममध्ये स्टूल मागा आणि दहा मिनिटं बसा. ऑफिसात आपण बसलेल्याच असतो. पोटाखालचा पट्टा बसल्यावर घडीत रुततो की नाही ते तिथेच कळेल.

एक गंभीर. संध्याकाळी घोट्यांना सूज येणं नेहमीचं आहे. पण चेहरा किंवा हात अचानक सुजले, सोबत जोराचं डोकं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमक आली, बरगड्यांखाली दुखलं, तर बूट बदलत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढण्याचं ते लक्षण असू शकतं. अंगठी मात्र आत्ताच काढून ठेवा. नंतर कापून काढावी लागलेल्या मी पाहिल्यात. गळ्यातल्या साखळीत ओवली तर छान दिसते.

चुकलेला_मोजा · सोमवार, रात्री ११:०५

नवरेमंडळींच्या वतीने हजेरी लावतो. बायकोला डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले, पायात रक्त साचू नये म्हणून. सूचना अशी की सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी चढवायचे, सूज उतरायच्या आत. म्हणजे सूज यायच्या आत, लिहिताना चुकलो. तर ते चढवणं हे एका माणसाचं काम नाही. आठव्या महिन्यात तिला स्वतःचा अंगठा शेवटचा कधी दिसला होता तेही आठवत नव्हतं.

पहिले तीन दिवस मी मोजा मोज्यासारखा ओढत होतो. नखाने एक फाडला. मग पद्धत सापडली. हात आत घालून टाचेपर्यंत मोजा उलटा करायचा, आधी फक्त पाऊल आणि टाच नीट बसवायची, मग बाकीचा पायावर उलगडत न्यायचा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे. त्या हातमोज्यांची पकड अशी काही बसते की विचारू नका. आणि वरची कड कधीही दुमडायची नाही, तिथे दुप्पट दाब पडून पाय आवळला जातो. गडद रंगाचे घेतले तर फॉर्मल स्कर्टखाली साधे मोजेच वाटतात.

सकाळी सव्वासहाला पिवळे हातमोजे घालून पलंगाच्या पायथ्याशी बसलेला मी, हे दृश्य सासूबाईंनी एकदा पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दार लावून घेतलं.

जुनी_पेटी · मंगळवार, सकाळी ८:००

मोजा, तुमच्या सासूबाईंना त्या दिवशी जावई पसंत पडला असणार.

सुरक्षा_बूट · मंगळवार, सकाळी ११:३५

इथे सगळं ऑफिसचं चाललंय. मी कारखान्यात आहे. आमचा डगला पोटावर लागेना म्हणून स्टोअरमधून दोन मापं मोठा दिला. पोट मावलं, पण बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. फिरत्या यंत्रापाशी लोंबती बाही म्हणजे काय ते सांगायला नको. उलटीशिलाईंचं खांद्याचं बोलणं वाचून तोच डगला आठवला. मी तो घालायला नकार दिला आणि लेखी मागितलं की एकतर पोटाला घेर असलेला डगला द्या, नाहीतर यंत्रापासून लांबचं काम द्या. तीन आठवडे गेले, पण काम बदलून मिळालं. गणवेश असणाऱ्यांनी चौथ्या महिन्यातच मागणी नोंदवावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा १८३ क्रमांकाचा करारही हेच म्हणतो, की गरोदर बाईला तिच्या किंवा बाळाच्या तब्येतीला घातक काम करायला भाग पाडू नये. तुमच्या देशाने तो स्वीकारला असो वा नसो, अर्जात संदर्भ द्यायला हरकत नाही.

क्षकिरण · मंगळवार, दुपारी १:४५

सुरक्षा_बूट, अगदी. मी एक्स-रे विभागात. आमच्याकडे सांगायला उशीर करणं परवडत नाही. गरोदर असल्याचं कळवलं की किरणोत्सर्ग मोजणारा आणखी एक बॅज मिळतो, तो शिशाच्या एप्रनच्या आतून, पोटाच्या पातळीवर लावायचा. किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची शिफारस अशी की कळवल्यापासून पुढच्या सगळ्या काळात बाळापर्यंत १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा जाऊ नये. एप्रनचा सगळा भार खांद्यांवर येतो, म्हणून मी जाकीट आणि घागरा असा दोन तुकड्यांचा मागून घेतला. अर्धं वजन कमरेवर गेलं, पाठ वाचली. मात्र एप्रनने पोट पुढून पूर्ण झाकलं पाहिजे. बाजूने फट राहत असेल तर मोठा मागायचा. इथे खांद्याचा नियम चालत नाही, ताई.

उलटीशिलाई · मंगळवार, दुपारी २:१०

मान्य. शिशापुढे शिंप्याची कात्री चालत नाही.

फडताळ · मंगळवार, रात्री १०:१५

थोडं अवांतर, पण उलटीशिलाईंच्या 'पोट लांबी खातं' वरून आठवलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये लीना ब्रायंट नावाच्या शिंपिणीने एका गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून गरोदर बाईला चारचौघांत घालता येईल असा ड्रेस शिवला. छातीशी जोड, खाली चुण्यांचा घेर. ड्रेस खपायला लागला, पण वर्तमानपत्रं जाहिरात घेईनात. गरोदरपण छापायची गोष्ट नाही म्हणून. १९११ साली एका वर्तमानपत्राने घेतली आणि माल हातोहात गेला.

पुढे १९३८ मध्ये अमेरिकेतल्याच डॅलसच्या फ्रँकफर्ट बहिणींची गंमत. एक बहीण गरोदर, नेहमीचा स्कर्ट पुढून वर चढलेला. दुसरीने सरळ स्कर्टाच्या पुढच्या भागाला कात्रीने भोक पाडलं, पोट त्यातून मोकळं सोडलं आणि वर जाकीट घातलं. स्कर्टाची खालची कड एकदम सरळ. त्यांचा 'पेज बॉय' हा व्यवसाय यावरच उभा राहिला. आजच्या पँटला पुढे जोडलेलं ताणणारं कापड म्हणजे ते भोकच, नंतर झाकलेलं.

आणि दाखवायचं की लपवायचं, यावर. १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो गरोदर असताना त्यांनी बाळाची तारीख गुप्त ठेवली होती, कारण विरोधक त्यावरून निवडणुकीचं गणित मांडतील. मुलगा सप्टेंबरात झाला, निवडणूक नोव्हेंबरात, डिसेंबरात त्या पंतप्रधान. पुढे १९९० मध्ये पदावर असताना त्यांना मुलगी झाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न लंडनच्या राजवाड्यातल्या मेजवानीला सातव्या महिन्याचं पोट घेऊन गेल्या. साधा लांब ड्रेस आणि खांद्यांवर तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा पिसांचा झगा. जगभर तो फोटो छापला. लक्ष द्या, सगळा भर खांद्यावर.

अर्धी_इस्त्री · बुधवार, रात्री ९:२५

फडताळ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

काल ऑफिसात सगळ्यांना सांगून टाकलं. फाइल पोटाशी धरून फिरून फिरून हात दुखायला लागले होते. मॅनेजर चांगले आहेत, पण आज म्हणाले, "पुढच्या प्रेझेंटेशनला जरा सैल काहीतरी घाला, म्हणजे लोकांचं लक्ष विचलित होणार नाही." मी "बरं" म्हणून आले. आता राग येतोय, स्वतःचाच.

मणका · बुधवार, रात्री ९:५०

त्यांना विचारायचं, नेमकं कोणत्या नियमात बसत नाही ते सांगा. नियम असेल तर तो सगळ्यांना लागू असेल. नसेल तर ते गप्प बसतील. रागाने नको, साध्या आवाजात.

स्पष्टवक्ता · बुधवार, रात्री १०:३०

परवा मी 'काहीही घाला' म्हणालो होतो. जुनी_पेटी यांचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो. आता हे वाचून एवढंच म्हणतो की सैल घालू नका. मुद्दाम नका घालू.

पैशांचं मात्र माझं मत कायम आहे. किती कपडे पुरतील ते कुणी सांगेल का? आमच्याकडेही आता गरज पडणार आहे, हे ओघाने सांगून टाकतो.

पुन्हा_एकदा · बुधवार, रात्री १०:४५

अरे वा! अभिनंदन! म्हणून एवढी शंका होती तर.

दोन पँट, एक काळी आणि एक गडद राखाडी किंवा निळी. चार-पाच वरचे. आधीचा ब्लेझर किंवा जॅकेट. एक ड्रेस, आवडत असेल तर. ब्रा मात्र वेळोवेळी मापून घ्यायची, तिथे काटकसर नको. हूक वाढवायची जोडपट्टी मिळते, बरगड्या रुंदावल्या की तेवढ्याने काही आठवडे निघतात, कपच लहान पडले की नवी घ्यायची. छत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पाजायची ब्रा घेतली तर पुढेही चालते. सगळं एकदम आणू नका. मी पाचव्या महिन्यात आठव्याचे कपडे आणून ठेवले होते, आठवा आला तेव्हा ऋतू बदललेला.

आणि हे कपडे काही महिन्यांचे नसतात. बाळ झाल्या दिवशी पोट सपाट होतं हा गैरसमज. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला सहा आठवडे घेतं आणि कंबर तर तिच्या मर्जीने. रजेवरून परत आले तेव्हा पहिले दोन महिने मी त्याच पँट घालत होते. मग त्या नणंदेकडे गेल्या, तिच्याकडून तिच्या मैत्रिणीकडे, आणि आता परत माझ्याकडे. गुडघे जरा चमकायला लागलेत, बाकी ठणठणीत.

अर्धी_इस्त्री · नऊ आठवड्यांनी, शुक्रवार, संध्याकाळी ७:४०

धागा वर काढतेय.

झालं प्रेझेंटेशन आज. सव्विसावा आठवडा संपतोय. काळी पँट, पोटावरून येणारा पट्टा, दहा मिनिटं स्टुलावर बसून घेतलेली. दुकानदार दोनदा विचारून गेला, "बरं वाटतंय ना?" बदामी टॉप उलटीशिलाईंच्या मापाने इथल्या शिंपिणीकडून शिवून घेतला, पुढून नऊ सेंटिमीटर जास्त, बाजूला चुण्या. ती आधी म्हणाली, कापड वाया जाईल. वर माझा जुनाच निळा ब्लेझर, उघडा. अंगठी गळ्यात.

मॅनेजरना विचारलं होतं, कोणत्या नियमात बसत नाही ते. म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही." विषय संपला. आज मुद्दाम फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून लिहायला सुरुवात केली.

मागच्या वेळचे तेच गृहस्थ आले होते. म्हणाले, "हात बरा झालेला दिसतोय."

उलटीशिलाई · शुक्रवार, रात्री ८:०५

चुण्या अजून किती उरल्यात ते बघ. बोटभर तरी उरल्या असतील तर शेवटपर्यंत जाईल. नसतील तर शिवणीत माया ठेवलीय का विचार तिला.

अर्धी_इस्त्री · शुक्रवार, रात्री ८:२०

दोन बोटं उरल्यात. आणि माया ठेवलीय, विचारलं मी.